शेगडीचा सुटा भाग घेताना...

शेगडीचे बटण घट्ट झाले, ज्योत एका बाजूने पिवळी पडू लागली किंवा नळी कडक झाली, तरी स्वयंपाक अडत नाही. त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलली जाते. पुढे कधीतरी बाजारात गेल्यावर भांड्यांच्या दुकानातून 'बसेल असा' बर्नर किंवा नळी आणली जाते आणि घरातच कोणीतरी ती जोडून टाकते. दहा-वीस रुपयांचा फरक आणि मेकॅनिकचे हेलपाटे वाचतात. पण शेगडी हे उपकरण ज्वलनशील वायू मोजून-मापून सोडणारे आहे. त्यातला एखादा भाग चुकीचा आला, तर त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. भाजणे, स्फोट आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा या तिन्हींचे मूळ कित्येकदा अशा किरकोळ वाटणाऱ्या भागात असते.

वायूचा स्वभाव

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण, दाबाखाली द्रवरूपात असते. बाहेर पडताच या द्रवाचा वायू होतो आणि तो सुमारे २५० पट जागा व्यापतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांपर्यंत पोचले, की एक ठिणगी पुरते.

ढोबळ हिशेब करून पाहू. आठ फूट लांब आणि आठ फूट रुंद स्वयंपाकघरात जमिनीलगतच्या एक फूट उंचीच्या थरात हे प्रमाण यायला शंभर ग्रॅमपेक्षाही कमी गॅस लागतो. छोटा बर्नर न पेटवता उघडा राहिला, तर एवढा गॅस तासाभराच्या आत बाहेर येतो. रात्रभर दारे-खिडक्या बंद असतील, तर बारीकशी गळतीही पुरेशी होते. म्हणूनच पहाटे स्वयंपाकघरात जाऊन दिव्याचे बटण दाबणारी किंवा लायटर ओढणारी व्यक्ती अशा अपघातात सापडते.

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. मात्र सर्दी झालेल्यांना, वास घेण्याची क्षमता कमी झालेल्या वृद्धांना आणि कोविडनंतर ती गमावलेल्यांना तो वास येईलच असे नाही. शिवाय सतत त्याच हवेत राहिले, की नाक वासाला सरावते. त्यामुळे 'वास आला तर बघू' हा भरवसा पुरेसा नाही.

कोणता भाग कुठून घ्यायचा?

सुट्या भागांचे तीन गट केले, तर कुठला भाग कुठून घ्यायचा हे ठरवणे सोपे जाते.

पहिला गट सिलिंडरपासून शेगडीपर्यंतचा: रेग्युलेटर, नळी आणि सिलिंडरच्या तोंडातला रबरी वायसर. हे भाग गॅस एजन्सीमार्फतच घ्यावेत. सिलिंडरमधला मोठा दाब शेगडीला पेलेल इतका कमी करण्याचे काम रेग्युलेटर करतो. त्याचा खटका सैल झाला, तो तोंडावर नीट बसेनासा झाला किंवा त्यातून फुसफुस ऐकू आली, तर कनेक्शनची कागदपत्रे घेऊन एजन्सीत जावे आणि तो बदलून घ्यावा. दुकानात मिळणारा तसाच दिसणारा रेग्युलेटर घेऊ नये. वायसर झिजला किंवा हरवला असेल, तर नवे सिलिंडर जोडतानाच गळती सुरू होते. म्हणून सिलिंडर घरपोच आणणाऱ्याला त्याच्यासमोरच तोंड तपासून द्यायला सांगावे. तो ग्राहकाचा हक्क आहे.

नळी 'सुरक्षा' प्रकारची, आत तारेची जाळी असलेली आणि आयएस ९५७३ हे मानक छापलेली असावी. तिच्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष असते. पाच वर्षे झाली, की ती दिसायला चांगली असली तरी बदलायची. रबर आतून कडक होते आणि टोकाशी बारीक भेगा पडतात. नळीवर कापडाचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टण घालू नये, कारण भेगा आणि उंदराने कुरतडलेली जागा त्याखाली झाकून जाते. दोन नळ्या जोडून लांबीही वाढवू नये.

दुसरा गट शेगडीच्या आतला: बटणामागची झडप, पितळी जेट, बर्नरकडे जाणारी मिश्रणनळी. हे भाग शेगडीच्या कंपनीच्या सेवा केंद्रातून किंवा एजन्सीच्या मेकॅनिककडूनच बदलून घ्यावेत. झडप घट्ट झाली, की बरेच जण तिच्यात खोबरेल किंवा गोडे तेल सोडतात. ते उष्णतेने पातळ होऊन आधी सुटल्यासारखे वाटते, पण नंतर चिकट राळ होऊन बसते. तिथे उष्णता सोसणारे खास ग्रीस लागते आणि ते झडप खोलून लावावे लागते.

तिसरा गट बाहेरचा: बटणे, भांडे ठेवायचे स्टँड, बर्नरची टोपी, खालची ताटली. हे घरी बदलता येतात, पण तेही मॉडेलप्रमाणेच हवेत. बटणाच्या आतली खाच झिजली, की बटण 'बंद'वर दिसते आणि आतला दांडा मात्र अर्धवट उघडा राहतो. स्टँड बुटके असेल, तर भांड्याचा थंड तळ ज्योतीला दाबतो, ज्वलन अपुरे होते आणि भांडे काळे पडते. टोपी दुसऱ्या कंपनीची असली, तर ती हलते आणि ज्योत कडेने फुटते.

जेट आणि पिवळी ज्योत

सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे जेट. मिलिमीटरहून लहान छिद्राचा हा पितळी तुकडा बर्नरला किती गॅस मिळेल ते ठरवतो. छिद्र बुजले म्हणून त्यात सुई किंवा तार घालून फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते. पितळ मऊ असते. छिद्राचा व्यास १० टक्क्यांनी वाढला, तरी त्याचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते आणि निळी ज्योत पिवळी होते.

पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या बाबतीत हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. तितक्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा एलपीजीत अडीच ते तीन पट उष्णता असते. म्हणून पाइपगॅसच्या शेगडीचे जेट मोठ्या छिद्राचे असतात. मुंबई-पुण्यात पाइपगॅसवर चालवलेली शेगडी गावी नेऊन तशीच सिलिंडरला जोडली, तर ज्योत उंच, पिवळी आणि काजळी धरणारी येते. जेट बदलल्याशिवाय अशी शेगडी वापरू नये.

पिवळी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन, आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते. हे पित्त किंवा ॲसिडिटी समजून गोळी घेतली जाते. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असा त्रास होत असेल आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटत असेल, तर संशय घ्यायला हवा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते आणि आकडा चांगला दिसतो. निदानासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला, तर साधारण तास-दीड तास. म्हणून रुग्णाला मोकळ्या हवेत आणून लगेच रुग्णालयात न्यावे. गर्भवती, लहान मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका अधिक असतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी

शेगडीच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला पत्र्याची पट्टी असते. तिच्यावरील मॉडेलचे नाव, क्रमांक, गॅसचा प्रकार आणि आयएसआय चिन्ह यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. घरगुती एलपीजी शेगडीचे मानक आयएस ४२४६ आहे. जुना भाग टाकून देऊ नये. दुकानात सोबत न्यावा, आणि घरबसल्या मागवायचा असेल तर त्याचा फोटो व मापे मॉडेलशी जुळवून पाहावीत. 'सर्व शेगड्यांना चालेल' असे लिहिलेला झडपेचा किंवा जेटचा संच घेऊ नये. आयएसआय चिन्हाजवळ परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला, की परवाना खरा आहे की नाही ते कळते. पावती जपून ठेवावी. शेगडी इतकी जुनी असेल की आतले भाग मिळतच नाहीत, तर जुगाड करण्यापेक्षा नवी शेगडी घेणे स्वस्त पडते.

भाग बदलल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासणी कधीही करू नये. रोज रात्री आणि बाहेर जाताना रेग्युलेटर बंद करावा.

गळती झाली किंवा भाजले तर

वास येताच विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, पंखाही नाही. देवघरातला दिवा, उदबत्ती विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सगळ्यांनी बाहेर पडावे. बाहेर आल्यावरच फोन करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पाइपगॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो.

कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती चादर गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप किंवा बर्फ लावू नये. चेहरा, हात किंवा जननेंद्रिय भाजले असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकात काजळी दिसत असेल, तर जखम लहान वाटली तरी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. अशा रुग्णांच्या श्वासनलिकेला काही तासांत सूज येऊ शकते.

यासाठी खर्च फार नाही. आज स्वयंपाक आटोपल्यावर नळीवरचे वर्ष वाचा, ज्योतीचा रंग पाहा आणि बटण 'बंद'वर नीट थांबते का ते तपासा. तिघांपैकी एकातही शंका आली, तर उद्याच एजन्सीला किंवा सेवा केंद्राला फोन करा.