दिघ्याचा रोगी आणि रुग्णालयाचें दार

आजारी माणसास औषधाच्याही आधीं एक गोष्ट लागते, व ती म्हणजे रुग्णालयाचें उघडें दार. ज्याच्या गांठीं पैसा आहे त्याला तें दार शोधावें लागत नाहीं. घरचा डॉक्टर, त्याची चिठ्ठी आणि अंगणांत उभी असलेली गाडी, एवढ्यावर त्याचें काम भागतें. मोलमजुरी करणाऱ्यास मात्र रोगाशीं झगडण्यापूर्वीं रांगेशीं झगडावें लागतें. ही रांग आंखूड व्हावी म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशांत नवीं नवीं यंत्रसाधनें निघालीं. त्यांचा लाभ कोणास होतो, कोणास होत नाहीं, आणि त्यांत आपल्यासारख्या शिकलेल्या घरांचें कर्तव्य काय, हा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों.

उदाहरणासाठीं आम्ही दिघा हें गांव घेतों. ठाण्याकडून बेलापूर रस्त्यानें नवी मुंबईंत शिरतांना अगदीं शिवेवरच तें लागतें. कारखान्यांच्या आसपास आणि डोंगराच्या उतारावर इलठणपाडा, गणपतीपाडा अशा दाट वस्त्या आहेत. १९९२ सालीं स्थापन झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत हा भाग येतो. आगगाडी या गांवावरून कित्येक वर्षें जात होती. परंतु ती थांबण्यासाठीं 'दिघा गांव' स्थानक उघडलें तें १२ जानेवारी २०२४ रोजीं. सोय दाराशीं असणें आणि ती आपल्यासाठीं थांबणें यांत किती अंतर असतें, हें दिघेकरांस वेगळें सांगावयास नको!

रुग्णालयांचेंही तसेंच आहे. दिघा व इलठणपाडा येथें महानगरपालिकेचीं नागरी आरोग्यकेंद्रें आहेत. दुखणें वाढलें तर ऐरोलीचें राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे. त्याहून अवघड असेल तर वाशीचें. शीव ओलांडली कीं कळव्यास ठाणें महानगरपालिकेचें ५०० खाटांचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कारखान्यांत रीतसर नोंद असलेल्या कामगारास राज्य विमा योजनेचें दार निराळें. म्हणजे दारें पुष्कळ आहेत. पण प्रत्येक दारामागची वही वेगळी. एका ठिकाणचा केसपेपर हरवला किंवा घरीं राहिला, तर दुसऱ्या ठिकाणीं रोग्याची सारी कहाणी मुळापासून सुरू होते. पुन्हां रक्ततपासणी, पुन्हां फोटो, आणि पुन्हां एक दिवसाची मजुरी बुडते. मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रोगी अशा खेपांना कंटाळून औषधच सोडून देतो, आणि मग एके दिवशीं त्यास एकदम मोठ्या रुग्णालयांतच न्यावें लागतें.

नव्या साधनांचा खरा उपयोग येथें आहे. केंद्र सरकारनें २७ सप्टेंबर २०२१ रोजीं 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' देशभर सुरू केलें. त्यांत प्रत्येक नागरिकास 'आभा' नांवाचा चौदा आंकडी क्रमांक मिळतो. रोग्याच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, घरीं सोडतांनाचा कागद, हें सारें त्या क्रमांकाशीं जोडतां येतें; आणि रोग्यानें संमति दिली तर दुसऱ्या गांवच्या डॉक्टरांसही तें पाहतां येतें. केसपेपराच्या रांगेसाठीं ऑक्टोबर २०२२ मध्यें दिल्लीच्या लेडी हार्डिंज रुग्णालयांत आणखी एक युक्ति सुरू झाली. भिंतीवरील चौकोनी खूण मोबाईलनें टिपली कीं रोग्याचें नांव, वय वगैरे माहिती आपोआप खिडकीच्या आंत पोंचते व त्याला क्रमांक मिळतो. पुढें ही पद्धति देशांतील अनेक रुग्णालयांनीं घेतली. यांशिवाय 'ई-संजीवनी' आहे. एप्रिल २०२० पासून तींतून घरबसल्या सरकारी डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळूं लागला.

इतकें असूनही रांग कां सरत नाहीं? कारण उघड आहे. 'आभा' काढावयास सामान्यतः आधार कार्ड लागतें. आधारास मोबाईल जोडलेला लागतो. आणि तो मोबाईल त्या वेळीं हातांत असावा लागतो. ज्या घरांत एकच मोबाईल आहे, त्या घरीं तो कर्त्या पुरुषाबरोबर सकाळींच कामावर जातो. मागें राहतात त्या बाळंतीण, म्हातारी सासू आणि तापानें फणफणलेलें मूल. म्हणजे डॉक्टरांची गरज ज्यांना अधिक तींच माणसें! खिडकीपुढची रांग दिसते तरी. ही मोबाईलमागची रांग कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं, एवढाच फरक.

यंत्रानें रोग्याला खरोखर दार उघडून दिल्याचें एक मोठें उदाहरण आपल्या शेजारींच आहे. २०२० सालीं कोरोनाची सांथ भरांत असतां मुंबईंत १९१६ या एका क्रमांकावर साऱ्या शहराचा भार पडला. कोणत्या रुग्णालयांत खाट आहे हें रोग्यानेंच शोधावयाचें, आणि एका दारावरून दुसऱ्या दारावर हिंडावयाचें, अशी अवस्था झाली. मे महिन्यांत आयुक्तपदावर आलेले इक्बालसिंह चहल यांच्या कारकीर्दींत महानगरपालिकेनें तें काम २४ प्रभागांत वांटून दिलें. प्रत्येक प्रभागांत एक नियंत्रण कक्ष. तेथें डॉक्टर, दूरध्वनि आणि रिकाम्या खाटांचा संगणकावरील हिशेब. तपासणीचे निकाल आले कीं प्रभागवार याद्या निघत, आणि कक्षांतून रोग्यास आपण होऊन दूरध्वनि जाई. कोणास घरीं ठेवावें व कोणास खाट द्यावी हें डॉक्टर ठरवीत, व गाडीही तेथूनच निघे. पुढें एप्रिल २०२१ मध्यें एका रात्रीं प्राणवायु अपुरा पडूं लागला, तेव्हां सहा रुग्णालयांतील १६८ रोगी दुसरीकडे सुरक्षितपणें हलवितां आले. प्राणवायूच्या व्यवस्थेबाबत दिल्लीनें मुंबईचा अनुभव पाहावा, असें त्याच वर्षीं मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही सुचविलें. नवी मुंबईंतही आयुक्त अभिजित बांगर यांच्या काळांत रिकाम्या खाटांची माहिती संकेतस्थळावर मांडली जात होती.

या प्रकरणांतला संगणक कांहीं अपूर्व नव्हता. खाटांचा हिशेब कोणताही कारकून ठेवूं शकतो. अपूर्व होतें तें हें कीं, रोग्यानें दार शोधण्याऐवजीं दारानें रोग्यास शोधलें, आणि प्रत्येक प्रभागांत 'हें काम माझें' असें म्हणणारा एक जबाबदार अधिकारी होता. नेतृत्व म्हणतात तें हेंच. तें नसेल तर उत्तमांतलें उत्तम ॲपही बंद खिडकीवर टांगलेल्या पाटीसारखें होतें.

साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्यें कळव्याच्या रुग्णालयांत एका दिवसांत १८ रोगी दगावले व सारा महाराष्ट्र हळहळला. त्या वेळीं रुग्णालयावर त्याच्या शक्तीबाहेर भार पडला होता. भरलेल्या रुग्णालयाचा क्रमांक घरबसल्या मिळाला म्हणून खाट वाढत नाहीं, डॉक्टर वाढत नाहींत. परंतु दिघ्याच्या आरोग्यकेंद्रांतच रोग्याचा रक्तदाब वेळेवर तपासला गेला, त्याची नोंद टिकली, आणि महिना चुकला तर केंद्रांतून त्यास बोलावणें गेलें, तर मोठ्या रुग्णालयाच्या दारीं जाणारे कित्येक रोगी वाटेंतच बरे होतील. म्हणून आमची अधिकाऱ्यांस विनंति एवढीच कीं, प्रत्येक आरोग्यकेंद्रांत यंत्राशेजारीं एक माणूस बसवावा. ज्याच्याजवळ मोबाईल नाहीं त्याचा केसपेपर त्यानें स्वतः भरून द्यावा. आणि रोगी परत पाठवावा लागला तर कां पाठविला याची नोंद ठेवावी. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत, तिचें मूळ रूप २०१२ सालीं निघालें तेव्हांपासून, 'आरोग्यमित्र' नेमण्याची चाल आहे. कागदपत्रांच्या घोळांत रोग्याचा हात धरणारा तो माणूस, हेंच त्या योजनेचें मोठें शहाणपण होय असें आम्हांस वाटतें.

आतां आपल्या घरांविषयीं. पूर्वीं गांवांत ज्याला अक्षर येई, त्याच्या ओसरीवर संध्याकाळीं दोन-चार माणसें बसलेलीं असत. कोणाचें पत्र वाचून द्यावयाचें, कोणाची मनिऑर्डर लिहून द्यावयाची. त्याबद्दल कोणी मोबदला मागत नसे. विद्येचें तें ऋणच मानलें जाई. आज पत्राची जागा मोबाईलनें घेतली आहे, पण ऋण तेंच आहे. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई, पाणी सोडणारा गडी, इमारतीचा पहारेकरी, यांच्या घरांतील माणसांचीं आभा कार्डें एखाद्या रविवारीं घरांतील कॉलेजांतल्या मुलामुलींनीं काढून द्यावीं. फुले योजनेंतून १ जुलै २०२४ पासून कुटुंबास वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार मिळूं शकतात, हें त्यांना समजावून सांगावें. योजनेंत कोणतीं रुग्णालयें आहेत तें एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावें. आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक पाठ करून घ्यावा.

हें करतांना दोन पथ्यें पाळावीं. मोबाईलवर येणारा ओटीपी ज्याचा त्यानें स्वतः पाहून सांगावा, आणि काम होतांच विसरून जावा. दुसरें, कोणाच्या रोगाची गोष्ट आपल्या कानीं आली तर ती आपल्या उंबरठ्याबाहेर जातां कामा नये. आभा क्रमांक घेणें ऐच्छिक आहे. नको म्हणणाऱ्यावर जुलूम करूं नये.

स्वतःच्या घरांतील वडीलधाऱ्यांचाही विसर पडूं नये. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षें पूर्ण झालेल्या कोणत्याही नागरिकास, उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळूं शकतें, व त्यावर वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. एकत्र कुटुंबांत आजोबांच्या आधारास जोडलेला मोबाईल क्रमांक बहुधा दूरदेशीं गेलेल्या मुलाचा किंवा केव्हांच बंद पडलेला असतो. तो आजच दुरुस्त करावा. रात्रीं दोन वाजतां छातींत कळ आल्यावर ती धांवपळ करणें इष्ट नव्हे.

मग हीं सारीं कार्डें, जुने केसपेपर आणि चालूं औषधांची यादी एका पिशवींत घालून ती पिशवी घरांत सर्वांस ठाऊक असेल अशा खुंटीवर टांगावी. मोबाईलची बॅटरी संपली तरी पिशवी हाताशीं असते. आणि आपली पिशवी भरून झाली कीं, तशीच एक मोलकरणीच्या घरासाठींही भरून द्यावी.