वस्तुमान येतं कुठून?

भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेली, उसाने भरलेली ट्रॉली ढकलून पाहा. सपाट रस्त्यावरही ती सहजी जागची हलत नाही आणि एकदा हलली की लवकर थांबत नाही. या हट्टालाच जडत्व म्हणतात. न्यूटनच्या मते ते वस्तूचं स्वतःचं, अंगभूत. एकोणिसाव्या शतकात भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखला ते पटलं नाही. विश्वात दुसरं काहीच नसेल, तर एकट्या वस्तूच्या जडत्वाला अर्थ तरी काय उरतो, असा त्याचा सवाल होता.

या सवालाला गणिताचं रूप दिलं ते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी, 1964 साली केंब्रिजमध्ये. कणाचं वस्तुमान त्याच्या एकट्याचं नसतं, विश्वातल्या बाकी सगळ्या कणांच्या एकत्रित प्रभावातून ते ठरतं, असं हा सिद्धांत सांगतो. म्हणजे दूरच्या दीर्घिका काढून टाकल्या, तर इथल्या ट्रॉलीचं वस्तुमानही बदलेल!

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, 19 जुलै 1938चा. वडील विष्णु वासुदेव बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. तिथून 1957 साली बी.एस्सी. होऊन जयंतराव केंब्रिजला गेले, तिथल्या गणिताच्या परीक्षेत रँग्लर झाले. 1965 साली पद्मभूषण मिळालं तेव्हा वय होतं अवघं 26.

त्याच वर्षी पेन्झियास आणि विल्सन यांनी आकाशातून सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याचं जाहीर केलं. बहुतेकांना तो विश्वाच्या आरंभीच्या महास्फोटाचा पुरावा वाटला. विश्वाला आरंभ नाही, हा हॉयल यांचा स्थिर विश्वाचा पक्ष मागे पडला. नारळीकर मात्र महास्फोटावर शंका घेतच राहिले. 1993 साली हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित पर्याय मांडला. तोही बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही.

मग हा नुसता हेका होता का? नाही, कल्पना ते प्रयोगाने तपासून पाहत. हॉयल आणि त्यांचे सहकारी विक्रमसिंघे म्हणत, जीवसृष्टीची बीजं अवकाशातून आली. ते तपासायला नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2001 साली हैदराबादहून फुगा सोडला आणि 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. फलज्योतिषालाही त्यांनी प्रयोगाचीच कसोटी लावली. 2008 साली हुशार आणि मतिमंद मुलांच्या 200 पत्रिका जमवून 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 दिल्या. मूल हुशार की मतिमंद, एवढंच ओळखायचं होतं. 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी 50च्या आसपास आली असती.

नारळीकर केंब्रिजहून 1972 सालीच भारतात परतले होते आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. 1988 साली पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, ती त्यांच्याच पुढाकाराने. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. सिद्धांत कुणाचाही असो, आधी त्याला प्रश्न विचारायचा, ही सवय त्यांनी अशी घरोघर पोचवली.