तळहाताचा घाम : लाज नको, घाईही नको

दहावीचा पेपर लिहिताना हाताखाली रुमाल, तरी उत्तरपत्रिका ओली होते आणि शाई पसरते. रेशन दुकानातल्या यंत्रावर ओला अंगठा उमटत नाही. कुणी हात पुढे केला की आपला हात खिशात जातो. अशी मुले-मुली आपल्या वस्तीतही आहेत. घरचे म्हणतात, ‘भित्रा आहे’, ‘उगाच टेन्शन घेते’. बंधू-भगिनींनो, हा भित्रेपणा नव्हे, हा आजार आहे. डॉक्टर त्याला ‘हायपरहायड्रोसिस’ म्हणतात. तो बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो आणि पुष्कळदा एकाच घरात दोघा-तिघांना असतो.

घामाच्या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसांची एक साखळी छातीच्या आत, पाठीच्या कण्यालगत असते. पूर्वी तिच्यापर्यंत पोहोचायला मोठा छेद घ्यावा लागे. आता पूर्ण भूल देऊन काखेजवळ लहान छिद्रे पाडतात आणि दुर्बिणीने पाहून ती नस ठरावीक जागी कापतात किंवा तिला क्लिप लावतात. बहुतेकांचे हात लगेच कोरडे होतात.

ऐकायला सोपे वाटते. पण हाताचा घाम थांबला की पुष्कळांना पाठ, पोट, मांड्या यांवर जादा घाम सुटतो. काहींना तो इतका छळतो की ऑपरेशनचा पश्चात्ताप होतो. उन्हात किंवा भट्टीजवळ राबणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. कापलेली नस पुन्हा पूर्ववत होईल, असे धरून चालू नये. क्वचित छातीत हवा साठते किंवा एका डोळ्याची पापणी खाली येते. तैवानमध्ये तर २००४ साली २० वर्षांखालील रुग्णांवर हे ऑपरेशन करण्यास बंदी घालण्यात आली.

म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉईड किंवा मधुमेहामुळे घाम येत नाही ना, याची खात्री करून घ्या. रात्री कोरड्या हाताला लावायचे ॲल्युमिनियम क्लोराईडचे औषध मिळते. पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार आहे. त्याची बैठक साधारण २० ते ३० मिनिटांची असते. बोटॉक्सची इंजेक्शनेही देतात, पण ती महाग असतात आणि त्यांचा गुण काही महिनेच टिकतो.

इतके करूनही शिक्षण किंवा रोजगार अडत असेल, तरच ऑपरेशनचा विचार करावा. त्याआधी डॉक्टरांना निःसंकोच विचारा : नस कुठे कापणार? जादा घाम आला तर उपाय काय? एकूण खर्च किती? कागद कचेरीतला असो वा दवाखान्यातला, वाचल्याशिवाय, समजून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये.