ट्यूलिपचा एक महिना आणि माळ्यांचे वर्ष

श्रीनगरची इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप बाग झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवरापासून जवळच, उतारावर टप्प्याटप्प्यांनी वसवलेली आहे. सुमारे ३० हेक्टरांची ही बाग २००७ मध्ये सुरू झाली. मार्चअखेरीपासून जेमतेम महिनाभर ती फुलांनी भरलेली असते. माळ्यांचे काम मात्र वर्षभर चालते.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. वाफ्यातली माती भुसभुशीत करून कंद टोक वर ठेवून साधारण १५ सेंटिमीटर खोल लावतात. पाणी साचले की कंद कुजतो, त्यामुळे उताराची, निचऱ्याची जमीन फायद्याची ठरते. त्यानंतर येणारा काश्मीरचा हिवाळा ट्यूलिपला हवाच असतो. तीन-चार महिने गारठा मिळाल्याशिवाय फुलाचा दांडा नीट लांबत नाही. महाराष्ट्राच्या मैदानी भागात निशिगंध सहज येतो, पण ट्यूलिपसाठी आधी शीतगृहात ठेवलेले कंद आणावे लागतात, ते यामुळेच.

बागेत लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावलेल्या असतात. म्हणून एक पट्टा ऐन बहरात असताना शेजारचा हिरव्या कळ्यांवर दिसतो. बहर महिनाभर पुरतो तो या नियोजनामुळे.

एकाच फुलाजवळ थांबून पाहावे. सकाळच्या थंडीत सहाही पाकळ्या मिटलेल्या असतात. ऊन तापू लागले की पाकळ्यांची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा वेगाने वाढते आणि फूल उघडते. संध्याकाळी ते पुन्हा मिटते. उघडलेल्या फुलात सहा पुंकेसर आणि अनेक जातींत तळाशी गडद डाग दिसतो. या उघडमिटीत पाकळ्या रोज थोड्या लांबतात, त्यामुळे जुने फूल नव्यापेक्षा मोठे असते.

फूल ओसरले की बी धरू नये म्हणून त्याचे बोंड खुडतात, पण पाने पिवळी पडेपर्यंत राखतात, कारण पुढचा कंद त्यांच्याच अन्नावर पोसतो. मूळ कंद फुलून संपतो आणि त्याच्या जागी लहानमोठे नवे कंद तयार होतात. उन्हाळ्यात ते काढून, सावलीत सुकवून, प्रतवारी करून साठवतात. पुढच्या वसंतातल्या फुलाची कळी या साठवणीच्या काळातच कंदाच्या पोटात घडते. लहान कंद लगेच फुलत नाहीत, म्हणून नेदरलँड्सहून नवे कंद मागवले जातात.

बाग उघडण्याची तारीख हवामानावर ठरते: २०२३ मध्ये ती १९ मार्चला उघडली, २०२५ मध्ये २६ मार्चला. अचानक उष्मा वाढला की बहर लवकर आटोपतो, आणि पाऊस-गारांनी पाकळ्या झडतात. जाणाऱ्यांनी एप्रिलचा पहिला पंधरवडा धरावा, हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवावेत आणि वाफ्यांत पाय मुळीच टाकू नये.