निळा छाप : धडा पडद्यावरचा, ऊन आपले

फोटो धुण्याची विद्या पूर्वी स्टुडिओत उमेदवारी करून मिळत असे. उस्ताद बोलत कमी. पोरगा बघत जास्त. पुढे फिल्म मागे पडली, डार्करूमना कुलपे लागली आणि शिकवणारे हात पांगले. आज घरच्या घरी छायाचित्र छापू पाहणाऱ्याला गुरू भेटतो तो बहुधा यूट्यूबवर. सायनोटाइप ही जुनी पद्धत मी अशीच शिकलो. अशा धड्यांतून काय मिळते आणि काय आपले आपणच शोधावे लागते, हे तिच्यावरून चांगले कळते.

ही पद्धत इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे नमुने थेट कागदावर ठेवून छाप घेतले. त्यांचे पुस्तक छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक मानले जाते. नंतर इंजिनिअरांचे नकाशे याच रीतीने उतरवले जाऊ लागले. ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द तिथूनच आला.

कृती सोपी आहे. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवायचे. दोन्ही द्रावणे ऐन वेळी समप्रमाणात मिसळून मंद पिवळ्या उजेडात ब्रशने कागदावर लावायची आणि कागद अंधारात सुकवायचा. मोबाइलमधील फोटो उलटा, म्हणजे निगेटिव्ह, करून पारदर्शक शीटवर प्रिंट काढायची, ती कागदावर ठेवून वर काच दाबायची आणि सारे उन्हात ठेवायचे. उन्हातील अतिनील किरणांमुळे क्षारातील लोहाचे रूप पालटते आणि ते फेरिसायनाइडशी संयोग पावून निळा रंग होतो. तो पाण्यात विरघळत नाही. जिथे ऊन पोचले नाही तिथला क्षार धुऊन जातो आणि कागद पांढरा राहतो.

ब्रश किती ओला ठेवावा, द्रावण आडवे-उभे कसे फिरवावे, उन्हात कागद राखाडी-तपकिरी दिसू लागला की काय समजावे, हे दहा पाने वाचून समजणार नाही ते व्हिडिओत एका मिनिटात दिसते. हातांची ही भाषा पडदा उत्तम शिकवतो. आकडे मात्र शिकवणाऱ्याच्या गावचे असतात. ‘दहा मिनिटे उन्हात ठेवा’ असे लंडनमधला शिक्षक सांगतो, ते तिथल्या आकाशापुरते खरे. वैशाखातली विदर्भातली दुपार आणि श्रावणातले कोकण यांना एकच माप कसे चालेल?

यावर उपाय म्हणजे चाचणीची पट्टी. द्रावण लावलेल्या लांब कागदाचा थोडा थोडा भाग दर तीन मिनिटांनी पुठ्ठ्याने झाकत जायचे. धुऊन सुकवल्यावर तीन, सहा, नऊ, बारा मिनिटांच्या निळ्या छटा शेजारी शेजारी दिसतात. त्या पट्टीमागे तारीख, वेळ, कागद आणि पाणी यांची नोंद करायची. अशा दहा पट्ट्या जमल्या की आपल्या गच्चीचे वेळापत्रक तयार होते.

पाण्याचेही तसेच. हा निळा रंग अल्कलीपुढे टिकत नाही. बोअरच्या जड पाण्यात छाप फिकटतो. धुण्याच्या पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाकल्यास तो सावरतो. काही कागदांत टिकाऊपणासाठी चुन्याचा अंश घातलेला असतो, तोही या रंगाचा वैरी. अनेक व्हिडिओंत शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतताच छाप गडद होतो. दृश्य मोठे नाट्यमय. पण तेच काम साधी हवा दिवसभरात करते. चहाच्या पाण्याने निळा काळपट होतो, त्यामागे टॅनिन आणि लोह यांचा संयोग आहे. हिरडा आणि लोह यांतून काळा रंग काढणाऱ्या आपल्या रंगाऱ्यांना तो जुनाच ओळखीचा.

एक गोष्ट मात्र अनेक व्हिडिओंत घाईने उरकली जाते. पोटॅशियम फेरिसायनाइडला संडास धुण्याच्या ॲसिडसारखे तीव्र आम्ल लागू देऊ नये. त्यातून विषारी वायू निघू शकतो. भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवावीत, हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे.

उस्तादाकडे शिकणाऱ्या पोराला त्याच गावचे ऊन आणि त्याच नळाचे पाणी आयते मिळत असे. पडद्यावरच्या गुरूला ते देता येत नाही. म्हणून व्हिडिओ पाहताना शेजारी वही असावी. कृती त्यांची घ्यावी, मापे आपली लिहावीत. आणि वही भरली की ती पुढच्या शिकणाऱ्याच्या हाती द्यावी.