सिबिलच्या पानावर लेखणी कुणाची?

बीड जिल्ह्यातल्या केजमधल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरचा हप्ता भरला, की ती नोंद बँकेतच थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जाची माहिती ठरावीक दिवसांनी चार कंपन्यांकडे जाते: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तिथे त्या शेतकऱ्याच्या नावाचं पान असतं. त्या पानावर प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे खाने असतात, मागच्या 36 महिन्यांपर्यंतचे. हप्ता वेळेवर आला तर खान्यात तीन शून्यं पडतात, वीस दिवस उशीर झाला तर 20 चा आकडा. या खान्यांतून, थकबाकीतून आणि नव्या कर्जासाठी केलेल्या अर्जांतून गणित मांडून 300 ते 900 मधला एक आकडा निघतो, त्यालाच लोक ‘सिबिल’ म्हणतात. कोट्यवधी माणसांचं हे वहीखातं अखंड लिहिलं जातं, आणि धारूरच्या डोंगरातल्या एका माणसाचा एक उशिरा भरलेला हप्ताही त्यात हरवत नाही, याचं मला फार नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल पुढे आहे. हे पान सांभाळणाऱ्या कंपन्यांनाही त्यातला एक खाना मनाने बदलता येत नाही. ज्या बँकेने नोंद पाठवली, तिने दुरुस्ती मान्य केली तरच ती बदलते. सातबारावरची नोंद दलालाला पैसे देऊन पुसली जात नाही, त्यासाठी रीतसर फेरफार व्हावा लागतो; सिबिलचंही तसंच आहे. ‘आठ दिवसांत सिबिल क्लिअर’ म्हणणाऱ्याचा सगळा धंदा हा एक नियम लोकांना माहीत नसण्यावर चालतो.

बीड जिल्ह्यात अशा माणसाला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. सोयाबीन, कापूस गेला की पीककर्ज थकतं. 2017 आणि 2019 मध्ये राज्याने कर्जमाफीच्या योजना आणल्या. पण कर्ज मिटल्याची माहिती बँकेने पुढे पाठवली नसेल, तर पानावर जुनी थकबाकी दिसत राहते. तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडली असेल तर ‘सेटल्ड’ हा शेरा पडतो, आणि पुढची बँक त्याकडे संशयाने बघते. शिवाय ऊसतोडीला जाणारे लाखो हात इथलेच. कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे, मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडली जाते, आणि त्या प्रामाणिक परतफेडीची एक ओळही या चार वह्यांत उमटत नाही. असा माणूस पहिल्यांदा बँकेत जातो तेव्हा त्याचं पान कोरं असतं. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. ‘सिबिल बनवून देतो’ म्हणणारा हे त्याला सांगत नाही.

मग हे लोक पैसे घेऊन करतात तरी काय? बऱ्याचदा कर्जदाराला स्वतः फुकट करता येणारी तक्रारच ते त्याच्या नावाने भरतात. काही जण खऱ्या थकबाकीवरही खोटी हरकत घेतात. चौकशी चालू असेपर्यंत त्या नोंदीवर वादाची खूण दिसते, तीच ‘काम झालं’ म्हणून दाखवतात आणि पैसे घेऊन निघून जातात. बँकेने नोंद बरोबर असल्याचं कळवलं की खूण जाते, थकबाकी राहते. सर्वात घातक ते, जे आधार, पॅन, सही आणि ओटीपी मागतात. एवढ्या ऐवजावर तुमच्या नावाने नवं कर्ज उचलता येतं, आणि ते कर्ज पुन्हा तुमच्याच पानावर चढतं.

त्यांची ओळख पटवणं अवघड नाही. काम होण्याआधी पूर्ण रक्कम मागणं, तीही कुणाच्या तरी खासगी खात्यावर, पावतीशिवाय. खरी थकबाकीसुद्धा पुसण्याची हमी. ‘सिबिलमध्ये आपला माणूस आहे’ ही बतावणी. खोटा बेबाकी दाखला छापून देण्याची तयारी. दुसरं पॅन काढण्याचा सल्ला. तो पाळला तर प्राप्तिकर कायद्याखाली दहा हजारांचा दंड कर्जदारालाच बसू शकतो. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने, काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायला पत सुधारून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांना बंदी आहे. आपल्याकडे ही खूणगाठ ज्याची त्याने बांधायची.

दलालाशिवाय स्वतःचं पान मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे, पण तो या मातीत सहज आलेला नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावात लोकांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने कर्जदाराला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे सीमेपलीकडच्या नगरच्या शेतकऱ्याला मिळालेला तो हक्क आष्टीच्या शेतकऱ्याला नव्हता. आज 2005 च्या पतमाहिती कायद्यामुळे आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आष्टीच्या माणसाला मुंबईतल्या माणसाइतकाच हक्क आहे: चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल, फुकट.

तो अहवाल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. नोंद चुकलेली असेल तर तिथेच हरकत नोंदवा, आणि बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बँकेला 21 दिवस आणि कंपनीला धरून एकूण 30 दिवसांची मुदत आहे. त्यात निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन इथे विनाशुल्क करता येते, आणि चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

लोकपाल बँका आणि या चार कंपन्यांविरुद्धची तक्रार ऐकतो. फसवणाऱ्या दलालाची तक्रार पोलिसांकडे द्यायची. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मग पोलिस ठाण्यात फिर्याद द्या. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतो. व्हॉट्सॲपवरचे संदेश, पैसे पाठवल्याचा पुरावा, फोन नंबर पुसू नका. फसलो म्हणून लाजून गप्प बसलात, तर तोच माणूस उद्या गेवराईत किंवा परळीत दुसऱ्याला गाठेल.

आणि थकबाकी खरी असेल, तर ती फेडून पुढचे हप्ते वेळेवर भरणं हा एकच इलाज आहे. तो सावकाश लागू पडतो, पण पक्का लागू पडतो, कारण दर महिन्याला एक नवा खाना उघडतो आणि त्यात काय पडेल हे कर्जदार ठरवतो. ते सामर्थ्य कोणाही दलालाच्या हाती नाही.