बारा सहस्रांश सेकंद

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर याद्या पडायला लागतात. कुणी साताऱ्याची हिल हाफ लिहितं, कुणी गोव्याची हाफ आयर्नमॅन. एखादा छातीचा माणूस दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स लिहून मोकळा होतो. मी एकच ओळ लिहिली : मुंबईची फुल मॅरेथॉन, पाच तासांत. गेल्या खेपेला मला ५ तास १० मिनिटं लागली होती, म्हणजे दहा मिनिटं कमी करायची. ओळ पाठवून झाल्यावर वही घेऊन बसलो आणि या दहा मिनिटांच्या पोटात काय काय आहे ते मोजत गेलो. उठलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

सुरुवात पावलांपासून केली. पळताना माझी मिनिटाला साधारण १६५ पावलं पडतात. ३१० मिनिटांची झाली ५१,१५०. पळताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार पायावर येतो. माझं वजन ७० किलो, म्हणजे दर पावलाला १७५ किलो. ५१,१५० पावलांचे हे भार एकाखाली एक मांडून बेरीज केली तर ती जवळजवळ नऊ हजार टनांवर जाते. दहा टन माल भरलेले नऊशे ट्रक डोळ्यांसमोर आणा. एका सकाळी, दोन गुडघ्यांवर.

मग हृदय. जेमतेम तीनशे ग्रॅमचा हा स्नायू. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात तो मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतो. माझ्यासारख्याच्या मॅरेथॉनच्या वेगाला हे प्रमाण पंधरा लिटरच्या आसपास जातं. ३१० मिनिटांत ४,६५० लिटर. पुण्यात उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात दहा हजार लिटरचा टँकर उभा राहतो, त्याच्या निम्म्याला थोडंसंच कमी. आणि हे सगळं शरीरातल्या त्याच पाच लिटर रक्ताला पुन्हा पुन्हा फिरवून. ठोके मोजले तर मिनिटाला १५० धरून साडेसेहेचाळीस हजार.

इंधनाचा हिशोब मला सगळ्यात विलक्षण वाटतो. पळताना किलोमीटरमागे, दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला सुमारे २,९५० कॅलरी. मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्यांइतक्या. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन मात्र साधारण दोन हजार कॅलरींचंच असतं. पळणारे जिला ‘वॉल’ म्हणतात, ती एकदम ताकद संपल्यासारखी अवस्था तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला का समोर येते, याचं उत्तर या दोन आकड्यांच्या वजाबाकीत आहे. आणि त्याच शरीरात चौदा किलो चरबी धरली तर तिच्यात एक लाखाहून जास्त कॅलरी पडून असतात, छत्तीस मॅरेथॉन पुरतील एवढ्या. कोठार भरलेलं, पण त्याचं दार अरुंद. चरबी सावकाश जळते, आपण मागू त्या वेगानं मिळत नाही. महिनोन् महिने सावकाश लांब पळण्यानं ते दार थोडं रुंद होतं. रविवारच्या लाँग रनचं हे एक मोठं काम आहे.

हे आकडे एवढे फुगल्यावर मी उलट बाजूनं मोजायला लागलो. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद. ती ५१,१५० पावलांत वाटली तर एका पावलाच्या वाट्याला किती येतं? ०.०१२ सेकंद. बारा सहस्रांश. डोळ्याची पापणी एकदा मिटून उघडायला यापेक्षा निदान आठपट वेळ लागतो. पावलांचा वेग तसाच ठेवून नुसती ढांग वाढवायची म्हटली तर ती पावणेतीन सेंटिमीटरनं वाढवावी लागेल. अंगठ्याच्या पुढच्या पेरापेक्षा कमी. वर्षभराचं ध्येय, ज्यासाठी माणूस पहाटे चारला उठतो, लग्नाच्या पंगतीतून लवकर निघतो, ते एवढंसं आहे. मला ही गोष्ट फार सुंदर वाटली, आणि थोडी भीतीही वाटली. कारण बारा सहस्रांश सेकंद ठरवून कमी करता येत नाही. तेवढा बारीक ताबा कुणाच्याच पायावर नसतो. ते शरीरात मुरावं लागतं.

मुरायला किती लागतं? वर्षाला २,००० किलोमीटर हा नोकरी-संसार सांभाळून पळणाऱ्याला झेपणारा आकडा आहे. आठवड्याला साडेअडतीस किलोमीटर. सरावाच्या सावकाश वेगानं, किलोमीटरला साडेसात मिनिटं धरून, ते अडीचशे तास होतात. वर्षात तास असतात ८,७६०. म्हणजे शंभरातले तीनसुद्धा नाहीत. पावलं मात्र पावणेपंचवीस लाख. शर्यतीतल्या प्रत्येक पावलाच्या मागे सरावाची अठ्ठेचाळीस पावलं उभी असतात. बूट साधारण सहाशे ते आठशे किलोमीटर साथ देतात, तेव्हा तीन जोड झिजतील.

दोन हजार किलोमीटर ऐकायला मोठं वाटतं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, तेव्हा या आठ वाऱ्या झाल्या. पण वारकरी ती एक वारी तीन आठवड्यांत करतात, ऊन-पावसात, कित्येक माउली डोक्यावर तुळस घेऊन, आणि त्यात साठी-सत्तरी ओलांडलेले पाय किती असतात ते दिवेघाटात उभं राहून पाहावं. दमसास म्हणजे काय हे या मातीला बूट कंपन्यांनी शिकवलेलं नाही.

याद्यांमधली पुढची नावं आठवली. कॉम्रेड्स १९२१ साली सुरू झाली तेव्हा ३४ जण निघाले आणि १६ पोहोचले. दरबन आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या मधलं साधारण ८८ किलोमीटरचं डोंगरी अंतर, वेळ बारा तास. किलोमीटरला ८ मिनिटं ११ सेकंद पडतात. माझ्या मॅरेथॉनच्या वेगापेक्षा सावकाश. पण हा वेग दुपटीहून अधिक अंतर टिकवायचा. वेळ संपताना एक अधिकारी येणाऱ्या धावकांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. ४३,२०० सेकंदांत एका सेकंदानं उशीर झाला तरी पदक नाही. पूर्ण आयर्नमॅन २२६ किलोमीटरची : ३.८ पोहणं, १८० सायकल, वर मॅरेथॉन, सगळं सतरा तासांत. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झ्यूरिकला ती पुरी केली. त्याच वर्षी नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू रेस अक्रॉस अमेरिकेत आळीपाळीनं सायकल चालवत सुमारे ४,८०० किलोमीटर पार करून गेले, नऊ दिवसांच्या आत. दोघांत मिळून रोज साडेपाचशे किलोमीटर. दवाखाने सांभाळणारी माणसं ही! आणि केल्विन किप्टमनं २०२३ साली शिकागोला २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पळली, म्हणजे दर शंभर मीटरला १७.१५ सेकंद, ४२१ वेळा, न थांबता. माझे शंभर मीटर ४४ सेकंदांचे आहेत.

दुसऱ्याचे आकडे पाहून आपला आकडा फुगवण्याची चूक मी एकदा केली आहे. मागे एका मार्चमध्ये आठवड्याचे तीस किलोमीटर एकदम पंचावन्नवर नेले. पंधरा दिवसांत नडगी धरली, पाच आठवडे घरी बसलो. आज हिशोब केला तेव्हा कळलं की त्या उतावळेपणात पावणेदोन लाखांहून जास्त पावलं गेली.

म्हणून आता दहा मिनिटं कुठे लपली आहेत ते आधी शोधलं. गेल्या शर्यतीत माझ्या घड्याळानं ४२.६ किलोमीटर दाखवले होते. रस्ता मोजतात तो वळणांवर सर्वांत जवळची रेघ धरून, आणि मी प्रत्येक वळणाला बाहेरून गेलो होतो. जादा चारशे मीटर, म्हणजे तीन मिनिटं. पाण्याच्या टेबलापाशी पंधरा वेळा थांबलो, दर वेळी बाराएक सेकंद. आणखी तीन मिनिटं. सहा मिनिटं पायांत ताकद न वाढवता मिळू शकतात. उरली चार, पावलामागे पाच सहस्रांशांहून कमी. परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाला ती राखायची आहेत.

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. ३१ डिसेंबरला लिहिलेल्या ध्येयानं याच जानेवारीचं काही होत नाही. तीन आठवड्यांत शरीर बदलत नाही. माझी ओळ पुढच्या जानेवारीसाठी आहे, आणि मधे पूर्ण पावसाळा आहे. तुम्हीही यंदा एखादी शर्यत लिहिली असेल, तर वेळेशेजारी वर्षाची पावलंही लिहा आणि ती आठवड्यांत वाटून पाहा. वाटणी झेपत नसेल तर शर्यत लहान निवडा.

उद्या सकाळी माझे पाच किलोमीटर आहेत. ६,१८७ पावलं.